स्टेंट बसला, आता आधी पोट उतरवायचं की दम वाढवायचा?

उद्यमनगरचा

राम राम मंडळी. प्रश्न वडिलांसाठी आहे. आकडे सगळे देतो, म्हणजे उत्तरं हवेत जायला नकोत.

वय ५८, उंची १७० सेंमी, वजन ८४ किलो, पोटाचा घेर १०४ सेंमी. तालमीतलं शरीर. लंगोट सुटला, पण खुराक सुटला नाही. दहा आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, मनगटातून अँजिओप्लास्टी झाली, एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत) एक स्टेंट बसवलाय. इकोत ईएफ (दर ठोक्याला हृदयातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ५० टक्के. मधुमेह नाही. गोळ्या: ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, ॲटोरव्हास्टॅटिन. गेल्या आठवड्यात टीएमटी (ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून करतात ती चाचणी) केली, ती 'निगेटिव्ह' आली.

घरात तीन पक्ष पडलेत. आत्या म्हणते वर्षभर जागचं हलू नका. तालमीतले दोस्त म्हणतात बैठका चालू करा, पोट आपोआप आत जाईल. दवाखान्याच्या कागदावर एकच ओळ आहे, 'वजन १० किलो कमी करा'. आधी धरायचं काय? आणि जोर-बैठका कधीपासून चालतील?

फिजिओ_राजारामपुरी

'निगेटिव्ह' हा शब्द वाचून बहुतेक घरांत तो कागद फायलीत जातो. त्याचा अर्थ एवढाच की जेवढं चालले तेवढ्यात ईसीजीवर रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण दिसली नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदावर खालच्या बाजूला आहे. एकूण वेळ, मेट्स (श्रमाच्या क्षमतेचं माप), सुरुवातीची आणि सर्वांत वर गेलेली नाडी, बीपी आणि थांबण्याचं कारण एवढं इथे लिहा. आणखी दोन गोष्टी विचारून सांगा: त्या सकाळी मेटोप्रोलॉल (नाडी मंद ठेवणारी गोळी) घेतली होती का, आणि पट्ट्यावर दांडी धरली होती का?

उद्यमनगरचा

ब्रूस प्रोटोकॉल, ५ मिनिटं १० सेकंद, ६.१ मेट्स. नाडी आधी ६२, सर्वांत जास्त १२४. बीपी १६८/८४ पर्यंत. कारण: 'दम, पाय भरून आले'. गोळी घेऊनच गेलते. दांडी म्हणाल तर दोन्ही हातांनी गच्च.

फिजिओ_राजारामपुरी

छान, आता बोलता येईल.

१ मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारा प्राणवायू, किलोमागे मिनिटाला साधारण ३.५ मिली. ब्रूसमध्ये दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, म्हणजे ५ मेट्सच्या थोडं आत. दुसरा ताशी ४ किमी आणि १२ टक्के, म्हणजे सुमारे ७. तिसरा ताशी साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के, म्हणजे सुमारे १०. वडील दुसऱ्या टप्प्यात थांबले. हे यंत्र श्वासातला वायू मोजत नाही, किती वेळ चाललात त्यावरून मेट्सचा अंदाज काढतं. दांडीवर भार टाकला की पायांवरचा भार हलका होतो, माणूस जास्त वेळ टिकतो आणि आकडा फुगतो. त्यामुळे ६.१ मधला काही हिस्सा दांडीचा आहे असं धरा. खरी क्षमता साडेपाचच्या आसपास समजून पुढचं आखलं तर धोका नाही.

५८ वर्षांच्या माणसासाठी ही क्षमता कमीच आहे. दोन मजले नेहमीच्या चालीनं चढायला साधारण ४ मेट्स लागतात, हातात दोन पिशव्या असल्या की जास्त. म्हणजे रोजची कामंच कमाल क्षमतेच्या जवळ जातात. मग माणूस कामं टाळतो आणि क्षमता आणखी उतरते. आत्याबाईंच्या वर्षभराच्या विश्रांतीनं नेमकं हेच होईल.

माझं मत: आधी दम, म्हणजे हीच श्रमाची क्षमता. घेर त्याच्याबरोबर उतरेल. काट्यावरचा आकडा शेवटी.

हृदयस्थ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यामागची कारणं थोडी सविस्तर लिहितो.

अमेरिकेत जोनाथन मायर्स आणि सहकाऱ्यांनी टीएमटीसाठी आलेल्या सहा हजारांहून अधिक पुरुषांचा पाठपुरावा केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. क्षमता १ मेटनं जास्त असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी दिसला. ५ मेट्सच्या आतल्या लोकांचा धोका ८ च्या वरच्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह या सगळ्यांपेक्षा मेट्सचा आकडा पुढचं भाकीत जास्त ठळकपणे करत होता. डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन ब्लेअर यांच्या गटाला वर्षानुवर्षं तेच दिसत आलं: वजन जास्त पण दम चांगला असलेली माणसं, सडपातळ पण दम नसलेल्या माणसांपेक्षा जास्त जगतात.

विश्रांतीचं म्हणाल तर १९६६ साली डॅलसमध्येच विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. शरीरातली चरबी १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेली होती, तरीही तीस वर्षांत दम जेवढा घटला, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांत जास्त घटला होता. मग सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. वजन जेमतेम साडेचार किलो उतरलं, पण दम विशीतल्या मूळ पातळीवर परत आला. माणसं पाचच, म्हणून त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण चरबी आणि दम हे दोन वेगळे काटे आहेत आणि ते वेगवेगळ्या वेगानं हलतात, हे यातून लख्ख दिसतं.

शंकासूर

मग पोट असू दे की! हृदयरोग झालेल्यांत जाड माणसं बारक्यांपेक्षा जास्त जगतात असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. 'ओबेसिटी पॅरडॉक्स' म्हणतात त्याला. घेर घटवायचा अट्टाहास कशाला?

हृदयस्थ

शंकासूर, निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष फसवा आहे. तीन-चार गोष्टी एकत्र मिसळल्यात. आजारानं खंगलेली माणसं 'बारीक' गटात मोजली जातात. सिगारेट ओढणारे सरासरीनं बारीक असतात. जाड माणसाची तपासणी लवकर होते, त्यामुळे आजार लवकर सापडतो. आणि बीएमआयला (उंचीच्या मानानं वजनाचं माप) स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. रुग्णांची विभागणी दमानुसार केली की चांगला दम असलेल्यांत हा विरोधाभास बहुतांशी विरून जातो. तो मुख्यतः दम नसलेल्यांतच दिसतो.

शिवाय आपल्याकडे पोटाचा मुद्दा जास्तच टोकदार आहे. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८०.

त्वचेखालची चरबी तुलनेनं निरुपद्रवी. आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी मात्र सतत फॅटी ॲसिड्स सोडते, यकृत जास्त ट्रायग्लिसराइड बनवतं, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, सूज वाढवणारी रसायनं रक्तात येतात. तालमीतल्यांसाठी एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: जपानच्या सुमो मल्लांचे सीटी स्कॅन पाहिले तेव्हा एवढ्या मोठ्या पोटातही आतली चरबी अपेक्षेपेक्षा खूप कमी सापडली. मेहनत चालू आहे तोवर चरबी बहुतांशी त्वचेखाली राहते. मेहनत थांबून खाणं तसंच राहिलं की आत साठायला लागते. लंगोट सुटला पण खुराक सुटला नाही, हे धाग्याच्या मूळ प्रश्नातच आलंय, ते उगाच नाही.

वडिलांचा बीएमआय २९, घेर भागिले उंची ०.६१. हे गुणोत्तर ०.५ च्या आत हवं, म्हणजे त्यांच्या उंचीला ८५ सेंमी. एवढं लगेच होणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत घेर ९६-९७ वर आला आणि वजन ४-५ किलो उतरलं तरी चांगलं. व्यायामानं आतली चरबी आधी हलते, त्यामुळे काटा जागेवर असताना घेर कमी झालेला दिसू शकतो.

मिरजकर_सध्या_पुणे

घेर मोजण्याबद्दल कुणी नीट सांगेल का? बेंबीवर की पँटच्या पट्ट्यावर?

फिजिओ_राजारामपुरी

पट्ट्यावर कधीच नाही. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली घालतो, त्यामुळे दहा वर्षं '३४ ची पँट' टिकून राहते आणि घेर मात्र शंभरच्या पुढे गेलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपून दोन्हींच्या मध्यावर खूण करा. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतणार नाही अशी. दोन्ही पायांवर सारखा भार, नेहमीसारखा श्वास सोडून झाला की मोजायचं. दोनदा मोजा. फरक १ सेंमीच्या आत असेल तर सरासरी घ्या, नाहीतर पुन्हा. सकाळी, पोट रिकामं असताना, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. (बायकांनी साडीच्या निऱ्यांच्या वरून मोजलेला आकडा धरू नये.)

जिममधलं ते चरबीचे टक्के दाखवणारं यंत्र पायांतून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतं. पाणी पिऊन, जेवून किंवा घाम गाळून उभं राहिलं की आकडा बदलतो. आतल्या चरबीचा जो आकडा ते दाखवतं तो तर अंदाजावरचा अंदाज. पेसमेकर किंवा आयसीडी (छातीत बसवलेलं, ठोके बिघडले तर झटका देणारं यंत्र) असेल तर त्यावर उभंच राहू नये.

उद्यमनगरचा

आता चालण्याचं सांगा. किती, कुठं, किती वेगानं? सध्या सकाळी रंकाळ्यावर जातात, पण दोस्तमंडळींबरोबर गप्पा मारत.

फिजिओ_राजारामपुरी

गप्पा मारता येणं हीच मोजपट्टी आहे, फक्त वेग हवा. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये.

नाडीचं गणित वडिलांच्या स्वतःच्या टीएमटीवरून करायचं. १२४ वजा ६२, राहिले ६२. त्याचे ४० टक्के २५ आणि ६० टक्के ३७. दोन्हींत ६२ मिळवले की ८७ ते ९९. सुरुवातीला एवढीच कक्षा. गोळी घेऊन चाचणी झाली म्हणून हे गणित लागू पडतं. गोळी बंद ठेवून चाचणी झाली असती तर नाडी जास्त वर गेली असती आणि सगळी कक्षा चुकली असती. डोस बदलला तरी ती नव्यानं काढायची.

'२२० वजा वय' इथे विसरा. त्यानं १६२ येतात, त्याचे ७० टक्के म्हणजे ११३. मेटोप्रोलॉलवर असलेल्या या माणसाची ११३ म्हणजे जवळजवळ कमाल मेहनत. ॲपवर किंवा जिमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर विसंबून हीच चूक सर्रास होते.

नाडी मोजायची ती थांबल्या थांबल्या, मनगटावर दोन बोटं ठेवून दहा सेकंद. १५ किंवा १६ ठोके आले तर बरोबर. मिनिटभर मोजत बसलात तर तेवढ्यात नाडी उतरते. घड्याळ वापरत असाल तर पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, घट्ट. सैल पट्ट्याचं घड्याळ कधीकधी नाडीऐवजी पावलांची लय मोजतं. नाडीपेक्षाही विश्वासाचा बोर्गचा तक्ता, मेहनत किती जड वाटते ते आकड्यात सांगायचा: ६ म्हणजे आराम, २० म्हणजे जीव जाईस्तोवर. ११ ते १३ मध्ये राहायचं, म्हणजे 'हलकं' ते 'थोडं जड'.

ईएफ ५० पण क्षमता ७ मेट्सच्या आत, म्हणून मी त्यांना मधल्या जोखमीत धरते. पहिले दोन-तीन आठवडे फिजिओच्या देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा, ईसीजी आणि बीपी बघत. नंतर घरी चालेल. कमी-मध्यम जोखमीच्या रुग्णांत घरच्या घरी नीट केलेल्या पुनर्वसनाचे परिणाम केंद्रातल्या पुनर्वसनाच्या तोडीस तोड आले आहेत.

मांडणी अशी. ७-८ मिनिटं सावकाश. मग १० मिनिटं कक्षेतल्या वेगानं, २ मिनिटं हळू, परत १० मिनिटं. शेवटी पुन्हा ७-८ मिनिटं उतरत्या वेगानं. दर आठवड्याला कक्षेतला वेळ ३ ते ५ मिनिटांनी वाढवायचा. सलग ३० मिनिटं झाल्याशिवाय वेग किंवा चढ वाढवायचा नाही. आठवड्याला पाच दिवस, एकूण १५० मिनिटांपर्यंत. शेवटची ती ७ मिनिटं लोक हमखास गाळतात, तेवढ्यात कुणी तरी चहाला हाक मारतं. एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं, बीपी घसरतं. त्यात बीपी उतरवणाऱ्या रॅमिप्रिल आणि मेटोप्रोलॉल दोन्ही चालू असल्या की चक्कर येते.

जेवणानंतर दीड-दोन तास नाही. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत आटपा. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडी पायऱ्या टाळा: रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या (ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर) चालू असताना पडणं, आणि त्यात डोक्याला मार, परवडणार नाही. पाऊस लागून राहिला तर घरातल्या पॅसेजमध्ये किंवा एखाद्या कार्यालयाच्या हॉलमध्ये चाला. जागच्या जागी पावलं उचलली तरी चालतात.

पदर_खोचून

बायकांचं काय? 'घरात दिवसभर राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला' हे ऐकून कान किटले.

फिजिओ_राजारामपुरी

घरकाम बहुतेक २ ते ३ मेट्सचं आणि तुटक तुटक असतं. कंबर मोडते, दम वाढत नाही. सलग दहा मिनिटं नाडी वर राहील असं त्यात फारसं काही नसतं. तिला वेगळा अर्धा तास हवाच, आणि तो मिळण्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणी तरी तेवढा वेळ स्वयंपाकघर सांभाळलं पाहिजे. बायकांत छातीत दुखण्याबरोबर धाप, मळमळ, कमालीचा थकवा ही लक्षणं जास्त वेळा दिसतात आणि 'ॲसिडिटी' म्हणून सोडून दिली जातात.

वस्ताद_मंगळवार_पेठ

भावा, बैठकांचं मी सांगतो. तालमीतल्या दोस्तांना म्हणावं जरा दमानं घ्या.

पैलवानाची गोम अशी की पाय, खांदे, पाठ अजून दणकट असतात. त्याला शंभर बैठका जड वाटतच नाहीत. हृदय मात्र त्या हिशोबात तयार नसतं. त्यात 'काय वाटतंय?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'काय नाय.' मेहनत सोसायची सवय लागलेली. म्हणून बोर्गवर पैलवान जो आकडा सांगतो त्यात मी मनातल्या मनात दोन मिळवतो.

खरा धोका श्वास कोंडण्याचा. जोर मारताना, वजन उचलताना दम रोखून जोर लावायची सवय असते. तयार बॉडीबिल्डरांनी दोन्ही पायांनी लेग प्रेस मारताना धमनीत नळी घालून बीपी मोजलेला प्रयोग आहे, त्यात वरचा आकडा ३०० च्या पलीकडे गेलता. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. मोठ्यानं आकडे मोजायला लावा. आकडा बोलताना श्वास कोंडता येत नाही.

वडिलांना आता दहा आठवडे झालेत. दोन-तीन आठवडे चालणं बिनतक्रार झालं की हे असं: खुर्चीवरून उठबस १० वेळा, दीड-दोन मिनिटं थांबून परत १०. भिंतीला हात लावून जोर, १० चे दोन. रबरी पट्टा छातीकडं ओढणं, १० चे दोन. आठवड्यातून दोनदा, मध्ये दिवस मोकळा. १५ सहज जमायला लागले की पुढची पायरी: अर्धी बैठक, आणि भिंतीऐवजी कमरेएवढ्या कट्ट्यावर जोर. जमिनीवरच्या जोरात अंगाच्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भार हातांवर येतो, म्हणजे ८४ किलोला पन्नासच्या वर. ते तीन महिन्यांनंतर बघू, तेही डॉक्टर हो म्हणाले तर.

मुद्गल-करेल फिरवणं, दोरावर चढणं एवढ्यात नाही. कुस्तीच्या हौद्यात उतरून पोरांना डाव दाखवायचा मोह लई वाईट. डाव शिकवा, बाहेर बसून.

फिजिओ_राजारामपुरी

वस्तादांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. बायपास झालेले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं: छातीचं हाड सांधायला ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर कुठल्याही प्रकारचा जोर नाही, भरलेली घागर नाही, गाडीला किक नाही. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून पाय खाली सोडा, हातांनी रेटू नका. खोकताना उशी छातीशी धरा. हाडात 'कट्' असा आवाज किंवा हालचाल जाणवली, जखमेतून पाणी आलं तर लगेच सर्जन. ज्या पायाची शीर काढली त्याला सूज येतेच, बसताना तो पाय वर ठेवा.

भाकरी_ठेचा

आहाराचा भाग माझा.

खुराकाचा हिशोब आधी. दूधकट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध, अर्धा लिटर. स्निग्धांश ६-७ टक्के धरला तर ३० ग्रॅमच्या पुढे चरबी आणि ५०० च्या आसपास कॅलरी. ८४ किलोचा माणूस ताशी ५ किमीनं पावणेदोन तास चालला तर जेमतेम तेवढ्या जळतात. दूध बंद करा म्हणत नाही. तापवून, साय काढून, एक कप. रोज ४०० कॅलरी कमी करायला तेवढं आणि वरचं तूप पुरतं. भाकरी तोडायची गरज नाही.

उपाशी राहून वजन उतरवू नका. नुसतं खाणं तोडलं तर उतरलेल्या वजनाचा सुमारे पाव भाग स्नायूंचा असतो, आणि दम वाढवायला स्नायूच लागतात. वस्तादांनी सांगितलेला व्यायाम आणि दिवसाला ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं असं दोन्ही हवं. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५ च्या पुढे. मोड आलेली मटकी, डाळ, ताक रोज. किडनीचा रिपोर्ट बघून मगच हा आकडा पक्का करा.

मटण पूर्ण बंद, हे कोल्हापुरात कोण पाळणार? त्यापेक्षा आळणी (बिनमसाल्याचं मटण) आदल्या रात्री शिजवून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर जमतो, तो काढून टाका आणि मग रस्सा करा. चव राहते, चरबी बरीचशी जाते. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं, म्हणून एक वाटी, वाट्यांवर वाट्या नाहीत. तांबड्याची तर्री बाजूला. मिसळीच्या कटाला हाच नियम.

मीठ सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा. त्यातलं निम्मं लोणचं, पापड, फरसाणातच संपतं. इथे एक सापळा आहे: 'कमी सोडियमचं' म्हणून विकलं जाणारं मीठ बहुधा पोटॅशियमचं असतं. रॅमिप्रिल घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढू शकतं. डॉक्टरांना न विचारता ते वापरू नका, रोज नारळपाणीही नको. साखरेऐवजी गूळ-काकवी घेऊन काही साधत नाही.

शंकासूर

वजन उतरवायची ती इंजेक्शनं?

हृदयस्थ

त्यांतल्या सेमाग्लुटाइडवर २०२३ मध्ये मोठी चाचणी आली: १७,६०४ रुग्ण, सगळ्यांना आधीपासून हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार, बीएमआय २७ किंवा जास्त, मधुमेह नाही. अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे उपयोग आहे, आणि वडील त्या वर्णनात बसतातही. पण वजनाबरोबर स्नायूही जातात आणि ती दम वाढवत बसत नाहीत. खर्च, मळमळ, आधीचे पित्ताशयाचे किंवा स्वादुपिंडाचे त्रास हे सगळं बघून कार्डिओलॉजिस्टशी बोला. मी आधी तीन महिने वरचा कार्यक्रम करून बघेन.

उद्यमनगरचा

एक राहिलंच. बसल्याबसल्या कधीकधी 'श्वास पुरत नाही' म्हणतात. चालताना मात्र काही नाही. याला भ्यायचं का?

हृदयस्थ

हे आधी सांगायला हवं होतं!

टिकाग्रेलॉरचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे, साधारण सातातल्या एकाला होतो. बसल्याबसल्या खोल श्वास घ्यावासा वाटतो, मिनिटांत जातो, श्रमाशी संबंध नसतो, प्राणवायूचं प्रमाण नीट असतं. पण हे मी इथून ठरवू शकत नाही. आडवं पडल्यावर धाप, रात्री धाप लागून जाग, पायांवर सूज, किंवा दोन-तीन दिवसांत २ किलो वजन वाढणं यातलं काहीही असेल तर ते हृदयाच्या कमजोरीमुळे साठलेलं पाणी असू शकतं. म्हणून वजनकाटा रोज सकाळी लघवीनंतर. चरबी एवढ्या वेगानं वाढत नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. कारण टिकाग्रेलॉर निघालं तर ते गोळी बदलून देतील. स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागतात आणि मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी विचारा.

चालताना छातीवर दाब, जबडा किंवा हात भरून येणं, घाम, ठोके चुकणं यातलं काही झालं तर बसायचं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) दिली असेल तर ती बसूनच जिभेखाली. उभ्यानं घेतली तर बीपी पडून माणूस कोसळतो. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट नाही. हे लाजून लपवलं जातं, तुम्ही स्पष्ट विचारा.

उद्यमनगरचा

उद्याच दाखवतो. आणि जोतिबा? चैत्रात चालत जायचा हट्ट आहे.

फिजिओ_राजारामपुरी

आधी सहा मिनिटांची चाल करून बघा, डॉक्टरांकडून आल्यावर. ३० मीटर सरळ सपाट जागा आखा, दोन टोकांना खुर्च्या, पळायचं नाही. दम लागला तर थांबता येतं पण घड्याळ चालू राहतं. बसलेली नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी रद्द. किती मीटर झाले ते लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा. ३० मीटरहून जास्त वाढ झाली तर ती खरी.

पायऱ्यांसाठी माझी अट वेगळी: तीन मजले न थांबता, बोर्ग १३ च्या आत, आणि पुढच्या टीएमटीत दांडी न धरता ८ मेट्स. बारा आठवड्यांत एक ते दीड मेट वाढणं नेहमीचं, म्हणजे या चैत्रापर्यंत ८ गाठणं कठीण दिसतं. उंचीवर हवा विरळ वगैरे काही नाही, अडचण चढाची, उन्हाची आणि गर्दीत मनासारखं थांबता न येण्याची. या वर्षी यात्रा सोडून एखाद्या बिनगर्दीच्या दिवशी सकाळी गाडीनं वर जा. देवळाच्या पायऱ्या दहा-दहाच्या टप्प्यानं, प्रत्येक टप्प्याला नाडी बघून.

वस्ताद_मंगळवार_पेठ

आणि सोबत गप्पिष्ट दोस्त न्या, चढाला पळवणारा नको.